येझदी हवा कुठून खाते?

सिलिंडर आतून घासून बोअर मारला, नवा पिस्टन घातला. रिंगा, बेअरिंगं, पॅकिंग सगळं नवं. टाकीला रंग, रिमांना क्रोम. तिसऱ्या किकला माझी जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, येझदी रोडकिंग, सुरू झाली, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी सिग्नलला थांबलो, मूठ पूर्ण सोडली, तरी रेस खाली येईना. इंजिन आपलं ओरडतंच आहे आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघतोय.

मग सगळे करतात तेच मीही केलं. कार्बोरेटर खोलला, जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं फुंकली, फ्लोट पाहिला, हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून बघितला. एक दिवस बरं चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. दोन मिनिटं नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "हवा खातीया, साहेब. पण तोंडानं न्हवं."

हे वाक्य समजायला टू-स्ट्रोकचं पोट बघावं लागतं. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालचा क्रँककेस म्हणजे तेलाचा डबा. टू-स्ट्रोकमध्ये तोच पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की ते दाबलं जातं आणि बाजूच्या खिडक्यांतून वर सिलिंडरमध्ये जातं. वेगळे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच खिडक्या उघडतो आणि मिटतो. मिनिटाला 3000 फेरे म्हटले, तरी हा पंप सेकंदाला 50 वेळा ओढतो आणि 50 वेळा ढकलतो.

आता या पंपातून क्रँकची दोन टोकं बाहेर येतात. येझदीत डावीकडे क्लच, उजवीकडे डायनॅमो. फिरत्या दांड्याभोवती हवा अडवायला दोन्हीकडे एकेक रबरी ऑइल सील. डावं सील गेलं तर पोकळी क्लचच्या बाजूचं तेल ओढून घेते. मागे धुराचा पडदा, प्लग ओला आणि तेलाची पातळी मात्र गुपचूप उतरत जाते. हे दिसतं तरी. उजवं सील गेलं तर कोरडी हवा आत शिरते. धूर नाही, वास नाही, थेंबही नाही. मूठ सोडलेली असताना कार्बोरेटरमधून हवा थोडीच येते, त्यामुळे चोरवाटेने येणाऱ्या हवेचा वाटा तेव्हा सर्वांत मोठा ठरतो. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि रेस वर लटकते. म्हणून स्क्रू फिरवून एक दिवस बरं वाटतं. दुखणं दुसरीकडेच असतं.

खात्री कशी करायची? मिस्त्रींनी विचारलं, "घरात बीपीचं मशीन हाय का?" आईचं होतं, जुनं, घड्याळासारख्या तबकडीचं. कार्बोरेटर काढून ते तोंड रबर-पट्टीने बंद केलं. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, म्हणून तिथली दोन्ही तोंडंही बुजवली. त्यातल्या एका रबरातून बीपीची नळी आत घातली. पिस्टन अगदी खाली आणून ठेवला, म्हणजे खिडक्या उघड्या राहून सिलिंडर आणि क्रँककेस एकच पोकळी होते. मग फुगा दाबत काटा 250 वर नेला. 250 मिलिमीटर पारा म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण तिसरा हिस्सा. काटा थांबायला हवा होता. तो डोळ्यांदेखत खाली घसरला. डायनॅमो उतरवून साबणाचं पाणी लावलं, तर सीलच्या ओठाशी बुडबुड्यांची माळ. सील नवंच होतं. पण गाडी वर्षानुवर्षं पावसाळी शेडमध्ये उभी होती, आणि क्रँकच्या दांड्यावर, बरोबर ओठ टेकतो तिथे, गंजाने नखाला लागेल न लागेल इतकी खाच पाडली होती. नवं सील अर्धा मिलिमीटर बाहेर बसवलं, ओठ गुळगुळीत पोलादावर आला, काटा थांबला.

(आईला यंत्र पुसून परत दिलं. तिने वास घेतला आणि काही बोलली नाही.)

पातळ मिश्रणाची भीती फक्त रेसपुरती नाही. आत येणारं पेट्रोल वाफ होताना इंजिनाला थोडं गारही करतं, आणि वंगणाचं तेल त्याच पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे दोन्ही कमी. येझदीचा पिस्टन 65 मि.मी. व्यासाचा, ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम 200 अंशांनी तापलं तर त्या व्यासात सुमारे 0.3 मि.मी. फुगतं, बिडाचा सिलिंडर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच पिस्टन वरून किंचित निमुळता घडवतात, आणि खालच्या घेरापाशी मोकळीक ठेवतात ती केसाच्या जाडीच्या हिशोबात. नव्या बोअरमध्ये ती जास्तच घट्ट. पहिले 500 किलोमीटर गाडी जपून चालवा म्हणतात, ते यासाठी.

पन्हाळा उतरताना अनेकांची गाडी जाम होते, म्हणजे फुगलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो; चढतानाच असं होईल असं नाही. लोकांना हे उलटं वाटतं. उतारावर मूठ बंद, पण चाकं इंजिनाला फिरवतच असतात. पेट्रोल थांबलं की तेलही थांबलं. म्हणून उतारावर अधूनमधून क्लच दाबून मूठ जरा पिळायची, इंजिनाला घोटभर पाजायचं.

"मग तेलच जास्त घालू" हाही उपाय नाही. जुन्या तेलांच्या हिशोबाने लिटरला 40 ते 50 मिली ठीक. त्याहून वाढवलं तर जेटमधून जाणाऱ्या त्याच थेंबात पेट्रोल कमी पडतं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. वर काजळी साठते ती वेगळीच.

आजच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात भर घातली आहे. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा बरीच कमी हवा लागते, त्यामुळे तोच जेट ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. संगणक असलेली गाडी स्वतःच जुळवून घेते. जुन्या येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. तिचं इंजिन तसं काही शिकलेलं नाही. मी मोठा जेट घातला. शिवाय इथेनॉल ओल शोषतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी उपसून ठेवतो.

एक दुखणं मात्र मिश्रणाचं नव्हतंच, ठिणगीचं होतं. गार असताना गाडी झकास, दहा किलोमीटरवर मिसिंग, मग बंद. चहा पिऊन आलं की पुन्हा सुरू. पॉइंट म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क, आणि तिथली ठिणगी आवरणारा छोटा भाग म्हणजे कंडेन्सर. तापल्यावर आतलं इन्सुलेशन दगा देणारा कंडेन्सर असाच वागतो. पॉइंटवर जाड निळसर ठिणगी उडत होती, तिनेच चुगली केली. बदलायला वीस मिनिटं लागली, आणि त्याआधी मी पेट्रोलची नळी दोनदा बदलली होती.

परवा पन्हाळ्याच्या चढावर, मूठ पिळलेली असतानाच इंजिन बंद केलं, क्लच दाबून गाडी कडेला घेतली आणि प्लग काढून बघितला. टोक चॉकलेटी, म्हणजे मिश्रण बरोबर. पांढरं नाही, काळं नाही. प्लग परत बसवताना बुटावर थेंब पडला. पेट्रोलचा कॉक गळतोय.