रिपोर्ट खरा, साइट खोटी

दांडिया बाजार असो की मांजलपूर, बडोद्याच्या मराठी घरांत थायरॉइडची गोळी आता कुणाला नवीन राहिलेली नाही. त्यातूनच पेशंटांचे व्हॉट्सॲप ग्रुप निघाले. ते कामाचे आहेत, हे आधीच सांगून टाकते. उपाशीपोटी गोळी घेतल्यावर चहा किती वेळाने प्यायचा, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी चालते का (नाही, मध्ये चार तास जाऊ द्यावेत), टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी मंदावली की रक्तात ते वाढतं) ६.२ आला तर घाबरायचं का, असले प्रश्न ओपीडीच्या गर्दीत विचारायचे राहूनच जातात. ग्रुपवर एखादी वहिनी उत्तर देते, एखाद्या काकू आपला अनुभव सांगतात. आणि मग एका रात्री साडेदहाला लिंक येऊन पडते : “ताई, नक्की वाचा. माझ्या नणंदेची दहा वर्षांची गोळी सुटली.”

लिंक उघडली की थायरॉइडवरच्या ‘नैसर्गिक’ चूर्णाची जाहिरात, पांढऱ्या कोटातले हसरे डॉक्टर, हिरवी पानं, ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असा शिक्का, गोळी सुटलेल्यांच्या रिपोर्टांचे फोटो. तळाशी लाल अक्षरांत : ‘सवलत संपायला १४ मिनिटं ३२ सेकंद’. या घड्याळाची गंमत करून पाहा. पान बंद करा आणि पुन्हा उघडा. पुष्कळदा ते परत पंधरा मिनिटांपासून सुरू होतं.

अशा साइट ओळखायच्या खुणा म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं आता कालबाह्य झालंय. अशुद्ध भाषा? आता मशीन मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही बऱ्यापैकी नीट लिहून देतं. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह? त्याचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही. समोरचा सज्जन आहे की लबाड, हे कुलूप सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का होता की गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ म्हणजे सेवाभावी संस्था, हाही तसलाच समज. ते नाव पैसे भरून कुणीही घेऊ शकतं. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ मात्र फक्त सरकारी खात्यांना मिळतं. आणि आरोग्याच्या साइटवर एके काळी मानाने मिरवला जाणारा ‘हॉन कोड’चा शिक्का? तो देणारी जिनिव्हाची संस्था २०२२ मध्येच बंद झाली. आज तो शिक्का दिसला तर त्याच्यामागे कुणी उभं नाही.

मग बघायचं काय? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर एका प्रयोगातून आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली ४५ जणांना इंटरनेटवर काही साइट तपासायला बसवलं. त्यात १० इतिहासाचे अभ्यासक, २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी आणि १० जण बातम्यांची सत्यता तपासण्याचा धंदा करणारे होते. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साइट समोर ठेवल्या होत्या. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची, अमेरिकेतली मुख्य संघटना. दुसरी तिच्यातून २००२ मध्ये समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या वादावरून फुटून निघालेला छोटा गट. नावं मिळतीजुळती, दोन्ही पानं देखणी. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी त्या फुटलेल्या गटालाच अधिक विश्वासार्ह ठरवलं. कित्येक इतिहासकारही गोंधळले. तपासनीस मात्र फसले नाहीत, आणि त्यांना वेळही कमी लागला.

त्यांची युक्ती इतकी साधी की सांगायला संकोच वाटावा. ते साइट वाचतच बसले नाहीत. पान उघडल्यावर काही क्षणांत त्यांनी शेजारी दुसरी खिडकी उघडली आणि ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, ते शोधलं. विद्यार्थी मात्र त्या एकाच पानावर वरपासून खालपर्यंत फिरत राहिले. ‘आमच्याविषयी’ वाचलं, संदर्भांची यादी पाहिली, मांडणी पाहिली. म्हणजे ज्याची चौकशी करायची, त्यालाच त्याच्या चारित्र्याचा दाखला मागत राहिले.

आपल्याकडे हे करायला पाच मिनिटं पुरतात. डॉक्टरांचं नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत शोधता येतं. ती ऑनलाइन आहे आणि सगळ्यांना खुली आहे. डॉक्टरांचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तोच हसरा चेहरा कधी केसांच्या तेलाच्या, कधी दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत सापडतो, कारण तो विकत मिळणाऱ्या चित्रांतला मॉडेल असतो. औषधाच्या नावापुढे ‘तक्रार’ लिहून शोधावं, आणि तेच हिंदीत, गुजरातीत, इंग्रजीतही करावं. बडोद्यातल्या माणसाला चार भाषा वाचता येतात, त्याचा तेवढा फायदा घ्यावा.

आता त्या नणंदेकडे वळू. कारण खरी अडचण तिच्यात आहे, साइटच्या खोटेपणात नाही. नणंद खरी असते. ती खोटं बोलत नसते. गोळी बंद केल्यावर तिला खरंच छान वाटलेलं असतं, आणि कधी कधी तिचा रिपोर्टही खरा असतो. अशा साइट टिकतात त्या या खऱ्या तुकड्यांवर.

पहिला तुकडा : “गोळी सोडली, तीन आठवडे झाले, काही त्रास नाही.” थायरॉइडच्या गोळीत थायरॉक्झिन (टी-४) हे संप्रेरक असतं आणि शरीरात त्याचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं असतं. म्हणजे आज गोळी थांबवली तरी आठवड्याने निम्मं थायरॉक्झिन शिल्लक, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी आठवा हिस्सा. बहुतेकांची स्वतःची ग्रंथीही थोडंफार काम करत असते. त्यामुळे तीन आठवडे बरं वाटण्यात नव्या चूर्णाचं काहीच कर्तृत्व नसतं. जुन्या गोळीची शिल्लक वापरली जात असते. थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, सुजलेला चेहरा हे हळूहळू, पुढच्या काही आठवड्यांत येतं, आणि तेव्हा दोष जातो दगदगीला, वयाला किंवा लग्नसराईला. डोस बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायला सांगतात ते याचसाठी : त्याआधी आकडा स्थिरावत नाही. ग्रुपवरची आनंदाची पोस्ट तिसऱ्या आठवड्यात पडलेली असते. तिसऱ्या महिन्यातली पोस्ट बहुधा येत नाही; लाज वाटते, किंवा बाई ग्रुपवरून निघून गेलेली असते.

दुसरा तुकडा रिपोर्टाचा, आणि मला यातला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. ‘थायरॉइड केअर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांतही ते सर्रास घातलेलं असतं. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं. या गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे दीडशे ते तीनशे पटींहून अधिक. शरीराला त्याचा सहसा अपाय होत नाही. गोंधळ होतो तो लॅबच्या मशीनमध्ये.

टीएसएच मोजायच्या पुष्कळ पद्धतींत दोन प्रतिपिंडं वापरली जातात. ती दोन्ही बाजूंनी टीएसएचच्या रेणूला धरतात. त्यातल्या एकाला बायोटिनची शेपटी लावलेली असते, दुसऱ्याला चमकणारी खूण. भांड्यात स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाचा थर दिलेले कण असतात, ते बायोटिनची शेपटी घट्ट पकडून ठेवतात. मग सगळं धुऊन काढलं की चिकटून राहिलेल्यांची चमक मोजायची. जितकी चमक, तितका टीएसएच. आता रक्तातच भरमसाट बायोटिन फिरत असेल तर पंगतीत आगंतुकच पाट अडवून बसतात, आणि ज्यांना आमंत्रण होतं ते टीएसएचवाले पाण्याबरोबर वाहून जातात. चमक कमी, म्हणून आकडा कमी. ११ असलेला टीएसएच मशीन नॉर्मलमध्ये दाखवू शकतं. याच साखळीवर चालणाऱ्या टी-४ च्या चाचणीत उलट होतं आणि आकडा खोटाच वाढतो. दोन्ही मिळून कागदावर चित्र दिसतं ते ‘थायरॉइड सुधारला’ असं. ग्रंथी जिथल्या तिथे असते.

रिपोर्ट खरा, लॅब प्रामाणिक, नणंद प्रामाणिक, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. प्रत्येक मशीन ही पद्धत वापरत नाही, त्यामुळे दुसऱ्या लॅबमध्ये आकडा वेगळा आला तर लॅबला शिव्या देण्याआधी केसांची गोळी आठवावी. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात हृदयविकाराच्या झटक्यात बघितली जाणारी ट्रोपोनिनची चाचणी बायोटिनमुळे खोटी कमी आल्याने एक मृत्यू झाल्याचीही नोंद आहे. चाचणीच्या निदान दोन दिवस आधी अशी गोळी बंद ठेवायला सांगतात. मोठा डोस असेल तर डॉक्टरांना किंवा लॅबला विचारून जास्त दिवस.

तिसरा तुकडा आणखी वाईट. कधी त्या ‘नैसर्गिक’ गोळीने खरंच फरक पडतो, कारण तिच्यात न सांगता थायरॉइडचं संप्रेरकच घातलेलं असतं. २०१३ मध्ये अमेरिकेत थायरॉइडसाठी मिळणारी दहा पूरक उत्पादनं तपासली गेली. नऊ उत्पादनांत टी-३ हे थायरॉइडचं दुसरं संप्रेरक निघालं, पाचांत टी-४. म्हणजे मोजूनमापून दिलेली गोळी सोडून बाई थायरॉइडचं संप्रेरकच बिनमापाचं घेत होती. २००८ च्या दुसऱ्या एका तपासणीत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. आपल्या ओळखीच्या, नोंदणीकृत वैद्यांशी माझं काही भांडण नाही. ते नाडी बघतात, नाव सांगतात, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सापडतात. पत्ता नसलेल्या साइटशी आहे.

संशोधनाचे दाखलेही असेच अर्धे खरे असतात. अश्वगंधेवर २०१८ चा एक प्रयोग आहे, ५० जणांवरचा, आठ आठवड्यांचा. त्यातल्या लोकांचा टीएसएच किंचितच वाढलेला होता. असा किंचित वाढलेला टीएसएच कित्येकांचा आपोआपही खाली येतो. त्या प्रयोगावरून वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या बाईला ‘गोळी सोडा’ सांगणं म्हणजे ओढूनताणून जुळवलेली पत्रिका. ‘सीटीआरआयमध्ये (औषधी प्रयोगांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदलेलं’ हाही दाखला दिसतो. भारतात कुठलाही औषधी प्रयोग सुरू करण्याआधी त्या नोंदवहीत नाव घालावंच लागतं. प्रयोग यशस्वी झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असेल, तर ती वस्तू खाद्यपदार्थ म्हणून विकली जातेय, औषध म्हणून नव्हे. आयएसओचा शिक्का कारखान्याच्या व्यवस्थापनाबद्दल असतो.

कायदाही आहे, आणि जुना आहे. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात रोगांची यादीच दिली आहे : मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अपस्मार, संधिवात, पांढरे डाग, लठ्ठपणा, गलगंड. अमुक औषधाने हे बरे होतात, अशी जाहिरात करणं हाच गुन्हा. म्हणून ‘मधुमेह ३० दिवसांत मुळापासून’ हे वाक्य दिसलं की पुढचं पान वाचायची गरजच उरत नाही.

राहता राहिला ग्रुप. लिंक टाकणाऱ्या काकूंना सगळ्यांदेखत ‘फेक!’ म्हणून उडवून लावलं, तर त्या पुढच्या वेळी लिंक ग्रुपवर न टाकता चारजणींना वेगळ्या पाठवतील. पण गप्प राहणंही बरं नाही. लेटिशिया बोडे आणि एमिली व्रागा यांनी समाजमाध्यमांवरच्या आरोग्याच्या अफवांवर प्रयोग केले. दुरुस्ती नुसती वाचणाऱ्या तिऱ्हाइतांचाही गैरसमज कमी होतो, असं त्यांना दिसलं. आपल्या ग्रुपवर बोलणाऱ्या दहा, वाचणाऱ्या शंभर. तेव्हा लिहावं ते त्या शंभरांसाठी, आणि काकूंना दुखवू नये : “काकू, नणंदेला बरं वाटतंय हे वाचून छान वाटलं. त्या केसांसाठी काही घेतात का? बायोटिन असेल तर टीएसएच खोटा कमी येऊ शकतो. दोन दिवस बंद करून परत करून बघतील का?” आणि खासगीत एक फोन करून विचारावं, की तुमची स्वतःची गोळी चालू आहे ना.

कुणी ते मागवून घेतलंच असेल आणि त्रास होत असेल, तर बाटली फेकू नये. बाटलीवरचा बॅच नंबर, बिल, साइटच्या पत्त्यासकट काढलेला स्क्रीनशॉट, तिन्ही जपून ठेवावं. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद पेशंट स्वतः करू शकतो. त्यासाठीचा देशभराचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. जाहिरातीची आणि मालाची तक्रार गुजरातच्या अन्न व औषध नियंत्रण विभागाकडे करायची. आणि नमुने तपासणारी राज्याची प्रयोगशाळा तर आपल्या बडोद्यातच आहे.