अर्ध्या सेकंदाचा संशय

मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग मोजत होता. मोजमापात गडबड नको म्हणून मशीनवरची इतर कामं तपासताना त्याला दिसलं, की एसएसएच उगाचच प्रोसेसर खातंय. दूरच्या सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं ते हेच साधन. लॉगिनला ०.३ सेकंदाच्या जागी ०.८ सेकंद लागत होते. ‘असेल काहीतरी’ म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि २९ मार्चला त्यानं जाहीर केलं, की एक्सझेडमध्ये चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, आहे.

एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, साधन. एसएसएचला त्याची थेट गरजही नाही. पण डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांमध्ये एसएसएचला सिस्टिमडी या व्यवस्थापक प्रोग्रामची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडलेली होती आणि तिला एक्सझेडची. डिपेन्डन्सीचं, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्यावर विसंबण्याचं, हे असंच असतं. लग्नात आपण एका आचाऱ्याला सांगतो. त्यानं दूध कुणाकडून घेतलं आणि त्या दूधवाल्यानं कुठून, हे कोण विचारतं?

पण खरी मेख बिल्ड फाइलमध्ये होती. प्रोग्रामरनं लिहिलेल्या मजकुरापासून चालणारा प्रोग्राम कसा बांधायचा, ते ही फाइल सांगते. अशी फाइल (मेकफाइल) वाचून प्रोग्राम बांधणारं ‘मेक’ १९७६ साली बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमननं लिहिलं. कारण त्याच्या सहकाऱ्याची अख्खी सकाळ चूक शोधण्यात गेली होती; चूक आधीच दुरुस्त झालेली, फक्त ती फाइल नव्यानं कंपाइल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलायची, राहिली होती. मेकफाइलमध्ये आज्ञेआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. ही अडचण फेल्डमनच्या लवकरच लक्षात आली, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांची पंचाईत नको म्हणून टॅब राहिला. टॅब चुकला की मेक दाखवतं त्या ‘मिसिंग सेपरेटर’ या दोन शब्दांपायी माझीही एक दुपार वाया गेली आहे. अशा फाइली एकदा चालल्या की कुणी उघडत नाही.

नेमका याचाच फायदा घेतला गेला. ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी दोनेक वर्षं एक्सझेडला इमानेइतबारे हातभार लावला आणि रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढण्याचा अधिकार मिळवला. सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमधल्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातल्या) कोडमध्ये वावगं काही वाटत नव्हतं. रिलीजच्या गठ्ठ्यात मात्र बिल्डची एक बदललेली फाइल होती, जी गिटमध्ये नव्हतीच. ती चालली की चाचणीसाठी ठेवलेली एक ‘खराब’ फाइल उचलायची, तिच्यातल्या बाइट्सची अदलाबदल करून ती दुरुस्त करायची आणि तिच्यातून पुढची स्क्रिप्ट काढायची. खराब फाइल खराबच असणार, तिच्यावर संशय घ्यायचा कसा?

आता जुन्या आवृत्त्यांचं. सल्ला नेहमीचाच: अपडेट करा. तो चुकीचा नाही. वेबसाइट बांधायला वापरल्या जाणाऱ्या अपाची स्ट्रट्समधल्या एका त्रुटीची दुरुस्ती ७ मार्च २०१७ला आली होती. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीनं ती वेळेत बसवली नाही आणि मे महिन्यापासून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पण एक्सझेडमध्ये उलटं झालं. बाधित होत्या फक्त ताज्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या. जुनी आवृत्ती वापरणारे डेबियन स्टेबलवाले, म्हणजे डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारे, बचावले.

म्हणून मला ‘नेहमी ताजं’पेक्षा लॉक फाइल जास्त भरवशाची वाटते. कोणत्या पॅकेजची (बाहेरून घेतलेल्या कोडच्या गठ्ठ्याची) नेमकी कोणती आवृत्ती घेतली, ते ती लिहून ठेवते. बरेचदा सोबत त्या फाइलचा हॅशही, म्हणजे बोटाचा ठसाच. आवृत्ती बदलली तर ते दिसतं, आणि बदलायची तर कुणीतरी मुद्दाम बदलावी लागते. एक्सझेडचा गठ्ठा तिनं ओळखला नसता, हेही खरं: ठसा त्याच गठ्ठ्याचा. त्यासाठी गठ्ठा आणि गिट शेजारी ठेवून ताडून पाहायला हवं होतं.

डेबियनला मग ज्यांच्याकडे नवी आवृत्ती पोचली होती त्यांना मागे न्यायचं होतं. पण पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारं नि अपडेट करणारं साधन, आपणहून आवृत्तीच्या मोठ्या आकड्याकडेच जातं. तेव्हा जुनंच पॅकेज नव्या नावानं पाठवलं गेलं: ‘५.६.१ प्लस रिअली ५.४.५’.