पैसे लेखकाचेच, मग प्रकाशक कोण?

नागपुरात पुस्तक प्रकाशनाचे समारंभ काही कमी होत नाहीत, आणि त्यांतल्या कितीतरी समारंभांत व्यासपीठावरून सांगितलं जातं की लेखकाने हे पुस्तक स्वतःच प्रकाशित केलं आहे. पुस्तक हातात घेऊन आतलं पान उघडावं, तर प्रकाशक म्हणून नाव दुसऱ्याच संस्थेचं, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक तिचा आणि ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ ही ओळही तिचीच. लेखकाने फक्त पैसे भरलेले असतात. याला स्वप्रकाशन म्हणणं थांबवायला हवं, कारण त्यात दोघांचं नुकसान होतं. ज्याने सगळा भार अंगावर घेऊन पुस्तक काढलं, त्याला ‘पैसे देऊन छापून घेतलं’ म्हणून हिणवलं जातं. ज्याने पैसे देऊन आपलं पुस्तक दुसऱ्याच्या ताब्यात दिलं, त्याला वाटतं आपण स्वतंत्र झालो.

जुनी पद्धत सगळ्यांच्या परिचयाची आहे, तिच्यावर फार वेळ नको. प्रकाशक हस्तलिखित निवडतो, संपादन करून घेतो, स्वतःच्या पैशाने छापतो, विक्रेत्याला भरपूर सूट देतो आणि लेखकाला साधारण दहा ते पंधरा टक्के मानधन देतो. काटोल-नरखेडकडे व्यापारी संत्र्याचा आंबिया बहार झाडावर असतानाच विकत घेतो. सौदा पुरता झाला की पुढच्या गारपिटीची जोखीम त्याची. या प्रकाशकाचंही तसंच आहे. घातलेला पैसा वाचकाकडूनच निघायचा असतो, म्हणून पुस्तक खपणं ही त्याची गरज असते.

घोळ आहे तो उरलेल्या दोन प्रकारांत, म्हणजे स्वप्रकाशनात आणि लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देण्यात, कारण दोन्हीकडे खर्च लेखकच करतो. त्यामुळे ‘पैसे कोणी दिले?’ या प्रश्नाने काहीच उलगडत नाही. विचारायचं ते हे: ज्याचं नाव प्रकाशक म्हणून छापलं आहे, त्याची कमाई कोणाकडून होते? वाचकाकडून की लेखकाकडून?

स्वप्रकाशनात लेखकच प्रकाशक असतो. तो पानांची जुळणी करणाऱ्या डीटीपीवाल्याला, संपादकाला, मुखपृष्ठ करणाऱ्याला आणि छापखान्याला त्यांच्या कामाचे पैसे देतो आणि तिथे त्यांचा हिशेब संपतो. प्रती लेखकाच्या घरी येतात, विक्रीचा प्रत्येक रुपया त्याचा, न खपलेले गठ्ठेही त्याचेच. दुसऱ्या प्रकारात लेखक ही सगळी कामं एकगठ्ठा, म्हणजे ‘पॅकेज’, विकत घेतो आणि प्रकाशक म्हणून नाव लागतं ते पॅकेज विकणाऱ्याचं. त्याचा नफा पुस्तक छापखान्यात जाण्याआधीच खिशात पडलेला असतो. एकही प्रत खपली नाही तरी त्याचं काही अडत नाही, म्हणून प्रकाशन समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून तो फोन उचलायला उशीर लावतो. यात नेहमी लबाडीच असते असं मी म्हणत नाही. धंद्याची बांधणीच अशी आहे की त्याला विक्रीसाठी धडपडायचं कारण उरत नाही.

याचं सगळ्यात फसवं रूप म्हणजे ‘आम्ही पैसे घेत नाही, लेखकाने फक्त २०० प्रती घ्यायच्या’. हिशेब मांडून बघा. समजा किंमत २५० रुपये आणि लेखकाला ४० टक्के सूट, म्हणजे प्रत १५० रुपयांना. २०० प्रतींचे ३०,००० झाले. प्रकाशकाने ३०० प्रती काढल्या आणि प्रतीमागे ८० रुपये खर्च आला, तर त्याचे २४,००० गेले. सहा हजार हातात उरले, शिवाय शंभर प्रती फुकटात हाती राहिल्या. लेखक मात्र सांगत फिरतो की मला प्रकाशक मिळाला, एक पैसाही द्यावा लागला नाही.

आयएसबीएनसाठी वेगळे पैसे आकारले जातात, याची मला मनापासून चीड आहे. भारतात हा क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते आणि विनाशुल्क देते. लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो. कागदपत्रं लागतात, थोडा धीर लागतो, इतकंच. हे तेरा अंक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे आणि स्वामित्वहक्काचा पुरावाही नव्हे. कोणतं पुस्तक कोणत्या प्रकाशकाचं, एवढंच त्यावरून कळतं, आणि म्हणूनच तो कोणाच्या नावावर आहे हे बघायचं. प्राध्यापकांच्या बढतीत पुस्तकांना गुण मिळू लागले तेव्हापासून पॅकेजवाल्यांकडची गर्दी वाढली. प्रबंधाला कव्हर चढवून पन्नास प्रती काढायच्या, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायची, की झालं. वाचकाचा त्यात विचारच नसतो.

स्वतः पुस्तक काढण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांमधून फिरून यावं. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने आपल्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी लिहिलेल्या अध्यक्षीय भाषणातल्या मतांना हरकत घेतली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलं. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची ती १५०० प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. दुसऱ्याच्या संमतीवाचून आपला मजकूर आपल्या शब्दांत वाचकांपर्यंत नेणं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

बाकी फरक किरकोळ आहेत. कागद, बांधणी, मुखपृष्ठ कुठेही चांगलं होतं, कुठेही वाईट. डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतीही काढता येतात. मराठी ई-पुस्तकं किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून रीतसर येऊ लागली. एकच सांगतो: मांडणीची मूळ फाइल डीटीपीवाल्याकडून मागून घ्या, नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका, आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, ठेवा. नाहीतर पुढच्या आवृत्तीला पुन्हा सगळं टंकावं लागेल.

या सगळ्याचा जुन्या प्रकाशकांवर परिणाम झाला, पण ‘स्वप्रकाशनाने प्रकाशक बुडवले’ हे मला पटत नाही. मराठी प्रकाशनाचं बळ पुण्या-मुंबईत एकवटलेलं. आपल्याकडून गेलेलं हस्तलिखित तिथे पडून राहायचं आणि त्याची पोचही यायची नाही. ती दाराशी थांबायची सक्ती गेली, हे चांगलंच झालं. प्रकाशकांनी गमावला तो आपला वाचक सोबत घेऊन येणारा लेखक: व्याख्याता, शिकवणी घेणारा, समाजमाध्यमांवर रोज लिहिणारा. त्याच्या खपावर प्रकाशक कवितासंग्रह काढायची हिंमत करायचा. तो आधार गेल्यावर आणि ग्रंथालयांच्या खरेदीचा भरवसा कमी झाल्यावर काही जुन्या प्रकाशनसंस्थांनीही गुपचूप लेखकाकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. खरी हानी इथे झाली. त्यांच्या नावामागे जी निवड होती, ती गेली. आता तेच बोधचिन्ह दोन पुस्तकांवर दिसतं. एक निवडलेलं, एक पैसे घेऊन काढलेलं, आणि वाचकाला कोणी सांगत नाही की कोणतं कुठलं.

माझी पसंती स्पष्ट आहे. निवड करणारा, संपादन करणारा आणि स्वतःचा पैसा घालणारा प्रकाशक मिळाला तर त्याच्याकडेच जा. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. दोन्ही जमलं नाही तर स्वतः प्रकाशक व्हा, आणि वाचवायचे पैसे मुखपृष्ठात वाचवा, संपादकात वाचवू नका. पैसे घेऊन हक्कही घेणाऱ्याकडे जायचं मला एकही कारण दिसत नाही.

राहिला हक्कांचा मुद्दा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणारा हाच पहिला मालक. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, त्यावर सही लागते. पॅकेजची पावती म्हणजे करार नव्हे, आणि आतल्या पानावर ‘हक्क प्रकाशकाधीन’ छापल्याने ते त्याचे होत नाहीत. करार असेल पण मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. तेव्हा पॅकेजमध्ये पुस्तक काढलेल्यांनी जुने कागद एकदा बाहेर काढावेत. सहीचा करारच नसेल किंवा ही पाच वर्षं उलटून गेली असतील, तर प्रकाशकाला तसं पत्र पाठवा, त्याची पोच जपून ठेवा, आणि पुढच्या आवृत्तीसाठी आयएसबीएनचा अर्ज स्वतःच्या नावाने करा.