लेन्स सरस, बाजार दुसऱ्याचा

कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. सहा सुट्या भिंगांच्या लेन्समध्ये असे १२ पृष्ठभाग असतात, म्हणजे सेन्सरपर्यंत जेमतेम ६१ टक्के प्रकाश पोचतो. उरलेल्यातला काही आतल्या आत उसळत राहतो आणि चित्राचा कॉन्ट्रास्ट घालवतो. हेच परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणले की ९४ टक्के प्रकाश पार होतो. झाइस या जर्मन कंपनीने १९३५ मध्ये कोटिंगची युक्ती साधली, तेव्हा ती मोठी आघाडी होती. आज मल्टिकोटिंग, म्हणजे अनेक थरांचे कोटिंग, सगळ्याच नामांकित कंपन्या करतात.

मग फरक उरतो कुठे? बराचसा जोडणीत. एखादे भिंग अक्षापासून किंचित सरकले किंवा कलले, की एक कोपरा धूसर होतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्येही तफावत दिसते. हे तपासायला अनेकजण भिंतीचा फोटो काढतात, पण कॅमेरा जरा तिरका असला तरी चांगली लेन्स सदोष ठरते. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून दूरची एखादी पाटी एका कोपऱ्यात घ्या, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडा, तिथे फोकस करा आणि मग मॅन्युअल फोकसवर जा. आता फोकसला हात न लावता कॅमेरा वळवून तीच पाटी उरलेल्या तीन कोपऱ्यांत टिपा. चारही फोटो १०० टक्के मोठे करून पाहा. ही चाचणी ॲपर्चर लहान करून, म्हणजे एफ/८ वर केलीत तर दोष लपून जातो.

बाजाराचा हिशेब मात्र वेगळाच. झाइसच्या लेन्स लावणाऱ्या काँटॅक्स कॅमेऱ्यांच्या चित्रांना क्वचितच कुणी नावे ठेवली. पण त्यातल्या बहुतेक लेन्स बरीच वर्षे हाताने फोकस कराव्या लागत. १९९६ च्या काँटॅक्स एएक्समध्ये तर लेन्सऐवजी फिल्मच मागेपुढे सरकवून ऑटोफोकस साधला होता! कल्पक होते, पण उशिराचे. २००५ मध्ये हे कॅमेरे बनवणाऱ्या क्योसेरा या जपानी कंपनीने काँटॅक्स गुंडाळायचे ठरवले.

कॅननने १९८७ मध्येच जुना एफडी माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारे कडे) मोडीत काढला होता. ग्राहक चिडले, कारण त्यांच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांना बसेनात. नव्या ईएफ माउंटचा व्यास ५४ मिलिमीटर, प्रत्येक लेन्समध्ये स्वतःची मोटर आणि कॅमेऱ्याशी जोडणी फक्त विद्युत संपर्कांची. लांब टेलिफोटोचा फोकस झटपट लागू लागला आणि खेळांचे छायाचित्रकार मोठ्या संख्येने तिकडे वळले. निकॉनने १९५९ चा ४४ मिलिमीटरचा एफ माउंट जपला; तिथे बरीच वर्षे मोटर कॅमेऱ्यात राहिली आणि ती लहानशा दांड्याने लेन्स फिरवत असे. २०१८ मध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी निकॉननेही नवा माउंट आणला: व्यास ५५ मिलिमीटर.