आमवात आहे म्हणून बुबुळ बसत नाही?

निपाणी-खानापूरकडं एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, असलेल्याला नवं बुबुळ बसतच नाही. अर्धं खरं, म्हणूनच जास्त घातक. बदलतात तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. अख्खा डोळा नव्हे. खरी अडचण अशी, की आमवातात डोळे कोरडे पडतात, कधी कडेला जखम होऊन कॉर्निया विरघळू लागतो. आजार भडकलेला असताना बसवलेला पडदाही तसाच विरघळू शकतो. म्हणून शक्यतो आधी मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी आमवात आटोक्यात, मग शस्त्रक्रिया. कॉर्नियाला भोक पडलं तर मात्र थांबायला सवड नसते. आणि ऑपरेशन झालं म्हणून सांध्यांच्या गोळ्या परस्पर बंद? मुळीच नाही. डोळा लाल झाला, अंधुक दिसलं, तर मेडिकलमधले थेंब घालत बसण्यापेक्षा तडक बेळगाव गाठा.