चकचकीत रंगाखाली

माझ्या भाच्याने ऐरोलीत सेकंडहँड टर्बो सेडान घेतली. लाल रंग असा, की त्यात तोंड दिसावं. ऑक्टोबरात रबाळ्याच्या गॅरेजमध्ये ती लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने दरवाजाखालच्या पोकळ भागाला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आत गेला.

वरून काहीच कसं दिसलं नाही? ब्रिटिश शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी स्वच्छ पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून याचं उत्तर शोधलं होतं. हवा जास्त तिथे गंज जास्त, असं आपल्याला वाटतं. घडतं उलटं! थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. या फरकामुळे तिथे चिमुकली बॅटरीच तयार होते. मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, कडेला प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो. तांबूस गंजाचं कडं दोघांच्या मध्ये साचतं, पण पत्रा झिजतो तो मधोमध.

गाडीत हा थेंब म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांमधली फट, किंवा पाणी निघायच्या भोकात अडकलेला चिखल. ओल टिकते, प्राणवायू पोचत नाही, आणि एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा पत्रा आतून खाल्ला जातो. त्यात आपली खाडीकाठची हवा. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. पाऊस नसला तरी थेंब हजर.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून शेवटी रंगाला फोड येतात. भाच्याच्या गाडीत ते पुट्टीखाली दडवले होते. कापडात गुंडाळलेलं चुंबक मागच्या चाकाच्या कमानीवर धरलं, तर ते चिकटेचना. पुट्टीने गंज थांबत नाही. खालचं मीठ तिथेच राहतं.

मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच कारणाने. अशा गाडीला वेगळी चेसिस नसते, दरवाजाखालचे हेच पोकळ भाग भार पेलतात. जोरदार ब्रेक, भरधाव वळण, टर्बोचा जोर, सगळं त्यांच्यावर येतं. इंजिनाचा आवाज ऐकून भुलण्याआधी गाडीखाली वाकून बघायलाच हवं होतं.

सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, त्यावर जस्ताचा प्रायमर, आत मेणाचा फवारा. लोखंडाआधी जस्त झिजतं, म्हणून ते राखण करतं. मग मेकॅनिकने तार घालून दुसऱ्या बाजूची बुजलेली भोकं मोकळी केली. आठवडाभर कडक ऊन होतं, तरी आतून निघालेला चिखल ओलाच होता.