पान कोण बांधणार, सर्व्हर की ब्राउझर?

मे २०१२ मध्ये ट्विटरने जाहीर केलं की आता पानं पुन्हा सर्व्हरवरच तयार होतील. ‘पुन्हा’, कारण दोनच वर्षांपूर्वी त्यांनी ते काम ब्राउझरवर ढकललं होतं. तेव्हा ट्विटरच्या पत्त्यांत ‘#!’ दिसायचं. पत्त्यातला # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही. त्यामुळे कुठलं ट्वीट हवंय हे सर्व्हरला ठाऊक नसे. तो नुसता सांगाडा पाठवी, मग जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, उतरे, ती पत्ता वाचून मजकूर मागवी, आणि तेव्हा कुठे १४० अक्षरं दिसत! काम सर्व्हरवर परत नेल्यावर पहिलं पान उघडायचा वेळ एक पंचमांशावर आला.

तसं पाहिलं तर पान सर्व्हरवर बांधणं हीच जुनी रीत. १९९५ च्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. त्याच वर्षी जन्मलेली जावास्क्रिप्टसुद्धा नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने लाइव्हवायर नावाखाली लगेच सर्व्हरवर चालवून पाहिली होती, पण ते फारसं रुजलं नाही. २००४ च्या जीमेलने ब्राउझरची ताकद दाखवली आणि सगळे तिकडे धावले. २००८ मध्ये क्रोमसोबत व्ही८ हे जावास्क्रिप्ट चालवणारं वेगवान इंजिन आलं. तेच उचलून रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड बनवलं, म्हणजे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, सर्व्हरवरही चालू लागली.

आता दोन्हीकडे एकच भाषा झाली, तरी एकच टेम्पलेट, म्हणजे पानाचा साचा, दोनदा लिहायची कटकट उरलीच होती. २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या फेसबुकच्या रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीने ती बरीच कमी केली. तोच कंपोनंट, म्हणजे पानाचा सुटा भाग, सर्व्हरवर तयार एचटीएमएल देतो आणि ब्राउझरमध्ये जिवंत होतो, म्हणजे क्लिकला प्रतिसाद देऊ लागतो. त्यालाच हायड्रेशन म्हणतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये झाइट कंपनीने नेक्स्ट.जेएस आणून ही सगळी जुळवाजुळव एका फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार चौकटीत, बसवली.

डिप्लॉयचं, म्हणजे लिहिलेला कोड सर्व्हरवर चढवून चालू करण्याचं, दुखणं मात्र वेगळं होतं. पीएचपीची फाइल एफटीपीने (फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने) चढवली की काम झालं. नोडची प्रोसेस, म्हणजे चालणारा प्रोग्राम, सतत चालू ठेवावी लागते, पडली तर उठवावी लागते, पुढे विनंत्या झेलायला एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर बसवावा लागतो. अनेक साइट्स एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर हे कुठून जमणार? हेरोकू या होस्टिंग सेवेने २०११ मध्ये नोडला ‘गिट पुश’ची वाट दिली, म्हणजे एका आज्ञेत कोड चढवायची सोय. विनंती आली की तेवढ्यापुरता कोड चालवणाऱ्या ॲमेझॉनच्या २०१४ च्या लॅम्डाने तर सतत चालू प्रोसेसची गरजच काढून टाकली. झाइट, म्हणजे २०२० पासूनची वर्सेल, मुळात होस्टिंग विकणारीच. फ्रेमवर्क फुकट, जागा विकत, असा हिशेब. नेक्स्ट स्वतःच्या सर्व्हरवर चालतं हे खरं, पण सगळ्यात सोपी वाट कुणाच्या दारात जाते ते उघड आहे.

सर्व्हर रेंडरिंगमध्ये, म्हणजे पान सर्व्हरवर बांधताना, वाचक आणि सर्व्हर यांच्यातलं अंतरही जाणवतं. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन (तिथल्या सर्व्हरचं केंद्र) सुरू होईपर्यंत आपल्याकडचे लोक त्यांच्या सिंगापूरच्या सर्व्हरवर भागवत. वर्सेलवर मुंबई निवडता येते, पण सेटिंगला हात लावला नाही तर पुण्यातल्या वाचकाचं पान आजही वॉशिंग्टनजवळ बांधलं जातं.